कामाचा कागद कुणाच्या हाती?



परदेशी नोकरीचा व्हिसा या विषयावर हमालांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पत्रिकेत विषय वाचून एका गृहस्थांनी आम्हाला विचारलेही, ‘अहो, तुमचा आणि अमेरिकेचा संबंध काय?’ संबंध आहे. आम्ही आज नांदेडहून आलो. लोहा गेले, अहमदपूर गेले, आणि वाटेत प्रत्येक गावी परदेशी पाठविणाऱ्यांच्या पाट्या दिसल्या. पूर्वी त्याच भिंतींवर बी-बियाण्यांच्या आणि सिनेमाच्या जाहिराती असत. आमच्या संघटनेतील एका हमालाचा मुलगा आज अमेरिकेत इंजिनिअर आहे. बापाने पाठीवर पोती वाहिली आणि मुलगा संगणकावर बसला, याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु त्या मुलाचे हाल ऐकले तेव्हा ते आम्हाला ओळखीचे वाटले, आणि म्हणून आम्ही हा विषय घेतला.

आमचे म्हणणे थोडके आहे. परक्या मुलखात काम करण्यासाठी कागद लागतो, हे एकवेळ मान्य करू. पण तो कागद कुणाच्या हाती राहतो, कामकऱ्याच्या की मालकाच्या, यावर त्या माणसाची सगळी अब्रू अवलंबून असते. व्हिसा मिळाला की पेढे वाटण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. पेढे जरूर वाटावेत; पण त्याआधी हा एक प्रश्न विचारावा.

कामाच्या कागदाचा आपल्याला परिचय नाही असे नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी निजामाच्या राज्यात ‘मुलकी’ हा शब्द घरोघर माहीत होता. पहिल्या सालारजंगांच्या वेळेपासून उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे आणून हैदराबादच्या कचेऱ्यांत बसविण्यात आली. तेव्हा राज्यातले लोक म्हणू लागले की, मुलूख आमचा आणि नोकऱ्या परक्यांना, हा कोणता न्याय? त्यातून मुलकी नियम झाले. १९१९ च्या नियमांप्रमाणे जो जन्माने राज्याचा प्रजाजन तो मुलकी. बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षे राज्यात वास्तव्य केले आणि आपल्या मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र दिले, तर तोही मुलकी. सरकारी नोकरीला हा दाखला लागे.

आता आपण मराठवाड्याचे लोक जन्मानेच मुलकी होतो. मग कचेऱ्या मराठी मुलांनी भरल्या काय? नाही. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू; नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याच्या मुलाजवळ दाखल्याचा हक्क होता, पण कचेरीचे दार उघडणारी भाषा नव्हती. कागद हक्क देतो, तो हक्क वापरण्याची ताकद देत नाही, हा पहिला धडा आपल्याला तेथे मिळाला.

दुसरा धडा कडू आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो. त्यानंतर बाहेरच्या प्रांतांतून अधिकारी आणि कारकून हैदराबादेत आले, आणि खोटे मुलकी दाखले विकले जात असल्याचा बोभाटा झाला. १९५२ साली वरंगळात विद्यार्थ्यांनी आंदोलन उभारले, ते हैदराबादेत पोचले, तेथे गोळीबार झाला आणि माणसे मेली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण तेलंगणात हा वाद चालूच राहिला. १९६९ चे आंदोलन झाले, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल झाले, आणि अखेर १९७३ साली संसदेने मुलकी नियम रद्द करून राज्यघटनेत ३७१-घ हे नवे कलम घातले. एका दाखल्यापायी एवढा रक्तपात का व्हावा? कारण काम थोडे आणि हात पुष्कळ असले की, कामाचा कागद हेच भांडणाचे कारण होते. आज अमेरिकेत परक्यांविरुद्ध ओरड होते तेव्हा आपण रागावतो. रागवावे, परंतु आपल्याच शेजारच्या रस्त्यांवर एकेकाळी तीच ओरड झाली होती, हे विसरून रागावू नये.

आता आपण थोडे दूर जाऊ. अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांमध्ये डेट्रॉईट नावाची नदी आहे. एका काठावर त्याच नावाचे अमेरिकन शहर, दुसऱ्या काठावर कॅनडातील विंडसर. १९२९ साली खुला झालेला एक मोठा पूल ही दोन गावे जोडतो. विंडसरला राहणाऱ्या शेकडो परिचारिका घरी न्याहारी करून, पूल किंवा बोगदा ओलांडून, डेट्रॉईटच्या इस्पितळांत कामाला जातात आणि पाळी संपली की परत आपल्या देशात येऊन झोपतात. देगलूरच्या माणसाने सकाळी बोधनला कामाला जावे आणि रात्री घरी यावे, तसेच हे. फरक एवढाच की मध्ये दोन सार्वभौम राष्ट्रांची सीमा आहे.

हे कसे जमते? दोन्ही सरकारांनी व्यापाराचा करार केला आणि तो १ जानेवारी १९८९ पासून अंमलात आला. १९९४ साली त्यात मेक्सिको सामील झाला, आणि १ जुलै २०२० पासून नवा करार आला तरी माणसांविषयीची व्यवस्था बहुतांशी तीच ठेवण्यात आली. साठांहून अधिक व्यवसायांची एक यादी करारात आहे. त्यात इंजिनिअर आहे, हिशेबनीस आहे, परिचारिका आहे, औषधनिर्माता आहे, ग्रंथपालसुद्धा आहे. कॅनडाच्या नागरिकाने आपले पारपत्र, आपली पदवी आणि अमेरिकन मालकाचे नेमणुकीचे पत्र घेऊन सीमेवरच्या अधिकाऱ्यापुढे उभे राहावे. त्याची खात्री पटली तर तेथल्या तेथे तीन वर्षांपर्यंतची मुभा मिळते, आणि ती पुनःपुन्हा वाढविता येते. याला ‘टी.एन.’ म्हणतात. कॅनडाच्या लोकांसाठी त्याला ना वार्षिक मर्यादा, ना सोडत, ना वकिलातीची वारी. मेक्सिकोच्या नागरिकाला मात्र, करार तोच असूनही, वकिलातीतून व्हिसा काढावा लागतो. आणि कॅनडात कायम वास्तव्य असलेला पण नागरिक न झालेला आपला मराठी माणूस या दारातून जाऊ शकत नाही.

या व्यवस्थेकडे आम्ही कामगार चळवळीच्या डोळ्यांनी पाहिले. तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. पहिली ही की, यादी शिकलेल्यांची आहे. इमारतीवर विटा चढविणारा त्यात नाही, ट्रक चालविणारा नाही, शेतात राबणारा नाही. माल पुलावरून जातो, भांडवल जाते, पदवीधर जातो. ज्याच्या हाताला घट्टे आहेत त्याला मात्र दुसरा, अधिक अडचणीचा रस्ता. दुसरी ही की, तेथल्या दोन देशांनी निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचाही करार केलेला आहे. विंडसरच्या परिचारिकेची अमेरिकेत कापलेली वर्गणी वाया जात नाही. दोन्हीकडची वर्षे एकत्र धरता येतात. तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, पण ती आम्ही थोडी मागे ठेवतो.

कारण आधी आपल्या मुलांचे पाहिले पाहिजे. आपला मुलगा अमेरिकेत नोकरीला जातो तो बहुधा ‘एच-१बी’ नावाच्या व्हिसावर. वर्षाला ६५,००० जागा, आणि अमेरिकन विद्यापीठात उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. अर्ज कितीतरी अधिक, म्हणून निवडीसाठी सोडत. अर्ज मुलाने करावयाचा नसतो, मालकाने करावयाचा असतो. मुदत तीन वर्षे, वाढवून सहा. पुढे कायम राहावयाचे तर त्याचाही अर्ज बहुधा मालकाचाच, आणि तेथे कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जागा सहसा येत नाहीत. आपण संख्येने इतके की रांग दशकांची झाली आहे. नोकरी गेली तर, २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे, जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसरा मालक शोधून त्याच्याकरवी अर्ज दाखल करावयाचा, नाहीतर घरभाडे, मुलांची शाळा, सगळे आवरून निघावयाचे. २०२५ च्या सप्टेंबरात तेथील अध्यक्षांनी बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर आकारण्याची घोषणा केली. त्या वेळच्या भावाने ते सुमारे ८८ लाख रुपये होतात.

खरे बोलायचे तर एच-१बीत एक गोष्ट टी.एन.पेक्षा चांगली आहे. परक्याला त्या भागातल्या प्रचलित वेतनाहून कमी देणार नाही, असे मालकाला तेथील कामगार खात्याला लिहून द्यावे लागते; टी.एन.ला ही अट नाही. सोय वाढली की संरक्षण कमी होते, हे आम्ही आपल्याकडेही पाहिले आहे. परंतु वर्गणीच्या बाबतीत आपल्या मुलांचे नुकसान उघड आहे. अमेरिकेत त्यांच्या पगारातून ६.२ टक्के सामाजिक सुरक्षेपोटी कापले जातात, मालक तितकेच भरतो, आणि निवृत्तिवेतनाचा हक्क लागण्यासाठी साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते. व्हिसा सहा वर्षांचा आणि हक्क दहा वर्षांनी! कॅनडाशी भारताचा असा करार २०१५ पासून चालू आहे. अमेरिकेशी झालेला नाही. आपल्या गिरणीत मालकाने प्रॉव्हिडंट फंड बुडविला तर आम्ही गेटवर उभे राहतो. इतक्या शिकलेल्या माणसांच्या पगारातून इतकी वर्षे पैसे कापले जातात, आणि त्यांचे आईबाप तो प्रश्न आपल्या खासदाराला एकदाही विचारीत नाहीत.

आता ज्या मुलाचा आरंभी उल्लेख केला, त्याच्याविषयी. त्याचा बाप, आमचा जुना सोबती, २०२५ च्या डिसेंबरात वारला. मुलाची नोकरी चालू होती, तिकडे राहण्याची परवानगीही चालू होती. पण पारपत्रावरचा शिक्का संपलेला होता. भारतात आला तर परत जाण्यासाठी वकिलातीची नवी मुलाखत हवी, आणि नेमक्या त्याच महिन्यात मुलाखतींच्या तारखा एकाएकी कित्येक महिने पुढे ढकलण्यात आल्या होत्या. तिकडे बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. तो आला नाही. गोदावरीच्या काठी पुतण्याने अग्नी दिला, आणि मुलाने तो मोबाईलवर पाहिला. आम्ही शेजारी उभे होतो. नंतर फोनवर तो आम्हाला म्हणाला, ‘काका, मला कुणीच अडवलं नव्हतं. मीच भ्यालो.’

बंधुभगिनींनो, हे वाक्य आम्ही पूर्वीही ऐकले होते. ते ऊसतोडीच्या फडात ऐकले होते. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर येथून दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर बेळगाव-बागलकोटकडे ऊस तोडायला जाते. राज्याची सीमा ओलांडते. तिला कुणी व्हिसा विचारीत नाही. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने भारतात कोठेही जाण्याचा, राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क दिलेला आहे. तरीही फडात एका बाईचे बाळ तापाने फणफणले असता ती गावी जाऊ शकली नाही. आम्ही विचारले, ‘कुणी अडवलं?’ ती म्हणाली, ‘अडवलं कुणीच न्हाई. उचल फिटली न्हाई अजून.’ उचल म्हणजे मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे. ती हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते. वेठबिगार नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे. उचल त्याच्यानंतरही चालू आहे.

एकाचा पगार डॉलरमध्ये, दुसरीचा टनावर. दोघांची परिस्थिती सारखी आहे असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे हा त्या बाईचा अपमान होईल. पण भीतीची जात एक आहे. एकाची दोरी मालकाच्या अर्जाची, दुसरीची उचलीची. आणि ज्या घरात जमीन गहाण ठेवून मुलाला परदेशी पाठविले असेल, तेथे दोन्ही दोऱ्या एकाच गळ्यात पडतात.

आता मागे ठेवलेली तिसरी गोष्ट. त्या उत्तर अमेरिकेच्या करारात असे एक कलम आहे की, जेथे कामगारांचा तंटा चालू असेल आणि परक्या माणसाच्या येण्याने त्याच्या मिटण्यावर वाईट परिणाम होण्याचा संभव असेल, तेथे त्याला कामाची मुभा नाकारता येते. म्हणजे संप मोडण्यासाठी सीमेपलीकडून माणसे आणू देऊ नयेत. व्यापाराच्या करारात हे कलम वाचून आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका डाळमिलमध्ये संप होता. मिलचे नाव सांगण्याचे कारण नाही. नवव्या दिवशी मालकाने सीमेपलीकडून एक ट्रकभर मजूर आणून आत घेतले. आम्ही फाटकावर घोषणा दिल्या, ‘परके चालते व्हा!’ आज सांगताना लाज वाटते, पण त्या घोषणा आम्हीच लिहून दिल्या होत्या. तिसऱ्या रात्री पाऊस आला. आतले चारजण बाहेर चहाला आले आणि आमच्याच मांडवात अंग चोरून उभे राहिले. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने विचारले, ‘ये हड़ताल है बोलके हमको कोई बोल्या नै.’ ठेकेदाराने प्रत्येकी दोन हजार रुपये हातावर ठेवले होते आणि रेशनकार्डे काढून घेतली होती. काम सोडले तर कार्ड नाही, आणि पैसे ताबडतोब परत. ते संप मोडायला आले नव्हते. त्यांना बांधून आणले होते. त्या रात्री आम्ही घोषणा बदलल्या. संप मिटला तेव्हा तडजोडीत आमच्या मजुरीच्या कलमाबरोबर त्यांची कार्डे आणि परतीचे भाडे हे एक कलम आम्ही घालून घेतले. आमच्यातले काही लोक रागावले. ते आजही आमच्याशी त्या विषयावर वाद घालतात.

म्हणून त्या करारातले कलम चांगले असले तरी अर्धेच आहे असे आम्हाला वाटते. परका आत येऊ नये एवढे ते पाहते. आत आलेल्या परक्याला ‘मी हे काम करणार नाही’ असे म्हणता यावे, हे ते पाहत नाही. ज्याच्या पोटाचा कागद मालकाच्या खिशात आहे, तो संपात कसा उतरणार? आणि तो उतरत नाही म्हणून स्थानिक कामगार त्याचा द्वेष करतो. मुलकी-गैरमुलकीचे भांडण असेच पेटते, आणि मालक दोघांच्या मजुरीत काटछाट करीत राहतो.

यावर उपाय काय? तो महाराष्ट्रात सापडला होता. १९६९ साली विधिमंडळाने माथाडी कामगारांचा कायदा केला. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. त्या चळवळींच्या जोरावर हमालाला माणूस म्हणून मोजण्यात आले. त्या कायद्याची युक्ती साधी आहे. हमालाची नोंदणी मालकाकडे होत नाही, मंडळाकडे होते. मंडळात सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरावी, मंडळाने ती हमालाला द्यावी, आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना चालवावा. या व्यापाऱ्याचे काम संपले तरी हमालाचा नोंदणी क्रमांक त्याचाच राहतो. कायद्याची अंमलबजावणी लंगडी आहे, बोगस नोंदी होतात, हे आम्ही इतरांपेक्षा अधिक जाणतो. पण कल्पना खरी आहे. कामाचा कागद कामकऱ्याच्या नावाचा असावा, आणि मालक बदलला तरी तो फाटू नये. कतारने २०२० साली मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलण्याची मुभा कायद्याने दिली, ती याच दिशेने. आखातासारख्या ठिकाणी जे कागदावर तरी आले, ते श्रीमंत लोकशाही देशांकडे मागण्यात संकोच कशाचा?

आमचे कुणालाही ‘जाऊ नका’ असे सांगणे नाही. आमचे वडील कामासाठी गाव सोडून नांदेडला आले नसते तर आम्ही आज येथे उभे नसतो. फक्त पालकांनी, एजंटापुढे वही उघडण्याआधी, तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. परवानगी कुणाच्या अर्जावर मिळणार आणि मालक बदलायचा तर काय करावे लागते? नोकरी सुटली तर किती दिवस राहता येते? आणि निघण्यापूर्वी किती कर्ज डोक्यावर असेल? या तीन प्रश्नांची उत्तरे जो एजंट कागदावर लिहून देत नाही, त्याच्या दारातून माघारी फिरावे. आणि जी मुले गेली आहेत त्यांनी तिकडे संघटनेला परके समजू नये. गणेशोत्सवासाठी वर्गणी जमविणाऱ्या मराठी मंडळींनी, नोकरी गेलेल्या सभासदाला साठ दिवस आधार देण्यासाठीही एक पेटी ठेवावी.

जाता जाता एक सांगतो. त्या मुलाने बापाच्या नावाने आमच्या संघटनेला काही रक्कम पाठविली. तिचे काय करावे यावर हमालांची बैठक झाली. ठरले असे की, फडावर जाणाऱ्या कोयत्यांपैकी कुणाच्या घरी आजारपण किंवा मृत्यू झाला तर गावी परतण्याचे भाडे त्यातून द्यावे. पुढच्या हंगामापासून ते सुरू होईल. रक्कम मोठी नाही. सभेनंतर दाराशी आमचा एक सोबती डबा घेऊन बसला आहे. आपणांपैकी कुणाला त्यात भर घालाविशी वाटली तर पावती मिळेल.